दवाखान्याच्या घड्याळाला मी हात लावला त्याविषयी

(तारीख कॉम्प्युटरने घातली आहे, ती पुढच्या वर्षाची आहे. तुम्ही तुमच्या भिंतीवरची धरावी.)

आदरणीय साडूभाऊंना धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमची कंबर कशी आहे? (कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांची कंबर कॉम्प्युटरच्या आधी मोडते, हे ताईंचं निरीक्षण मला पटतं.)

आमची कन्या परदेशी शिकायला गेल्यापासून तिचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास चालतं आणि वजाबाकीत मी पहिल्यापासून कच्चा. परवा तिसऱ्यांदा तिला साखरझोपेतून उठवलं, तेव्हा "बाबा, पुन्हा असं केलंत तर फोनच उचलणार नाही," असं तिने बजावलं. म्हटलं, कामाच्या जागी डोळ्यांसमोर तिचीच वेळ ठेवावी. आमच्या दाताच्या दवाखान्यातल्या एकाच कॉम्प्युटरवर आम्ही चौघे आपापल्या नावाने शिरतो. माझ्या पडद्यावरचा मुलीचा फोटो इतरांना दिसत नाही, मग घड्याळही ज्याचं त्याला असणार, असं मी गृहीत धरलं. यंत्राने मुख्य पासवर्ड मागितला. (आग लागली तरच वापरा म्हणून तुम्ही दिलेला. लेकीने फोन न उचलणं ही आमच्या घरी आगच.) आणि मी भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ सरळ साडेचार तास मागे ढकलली.

घड्याळ चौघांचं एकच निघालं. अकराला आलेल्या एका आजोबांची दाढ, नोंदीप्रमाणे, ते अंथरुणातून उठण्याआधीच उपटली गेली. मदतनीस बाईंची हजेरी पहाटे पाचची लागली. (त्यांची तक्रार नव्हती.) आणखी एक गोंधळ घातलात तर खुर्ची रिकामी करा, असं डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात मला सुनावलेलं. त्यामुळे घाईघाईने वेळ पुढे ढकलली, तर त्याच झटक्यात वर्षही पुढे गेलं. बाकी तिघांची अर्धी कामं जागच्या जागी बंद पडली आणि यंत्राने चारशे पेशंटना एकदम निरोप धाडला, की तुमची वार्षिक तपासणी राहिली आहे, आजच या. लोकही काय आज्ञाधारक! एक गृहस्थ सध्या माझ्या टेबलावर बसले आहेत.

घड्याळाला हात लावायचा नाही, ते इंटरनेटवरून आपली वेळ आपण बरोबर ठेवतं. फक्त आपल्या खात्यात हव्या त्या देशाची वेळ निवडायची, म्हणजे ती आपल्यालाच दिसते, हे तुम्ही मागे तीनदा समजावलं होतंत. मी तेव्हा 'हो हो' म्हणत होतो, हे तुमच्याही लक्षात असेल. आता काही दाबायची हिंमत नाही. उद्या सकाळी येऊन जा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. यंत्राच्या नोंदीत घड्याळ बदलणारा म्हणून तुमचं नाव उमटलंय, पासवर्ड तुमचा ना! डॉक्टर संध्याकाळी तुम्हाला फोन करतील. "हो, दुरुस्ती करताना माझ्याकडून झालं," एवढंच म्हणा. तुम्हाला ते पगार देत नाहीत, मला देतात.

ता. ता. क. आत्ताच डॉक्टर डोकावून गेले. एवढी गर्दी बारा वर्षांत झाली नव्हती, ही युक्ती ज्याला सुचली त्याचा पगार वाढवायचा म्हणतात. तेव्हा वरचा ता. क. रद्द. खोटं बोलणं वाईटच. तुम्ही आपलं खरं तेच सांगा.