‘घाट’ची येवल्याची कॅसेट

३ फेब्रुवारी, सोमवार
राजशी आणखी एकदा फोनवर बोलले तर तोंडून नको ते जाईल, म्हणून इथे लिहिते. दीपकचा डावा कान गेला आहे, उजवा जातो आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर महिना. त्याआधी त्याला एकदा ‘घाट’ ऐकायचं आहे. आमच्या कॉलेजच्या रॉक बँडचं गाणं. दीपक गिटार, राज ड्रम, मी ऑर्गन. शब्द चारच ओळी, पुढे वाट फुटेल तिकडे. दर वेळी वेगळं.
कोणतं रेकॉर्डिंग द्यायचं, यावर राजचे आज चार फोन!

४ फेब्रुवारी
गंगापूर रोडचं स्नेहसंमेलन, १९८८. चौदा मिनिटं. स्वच्छ. मला हेच आवडतं. राज म्हणाला, “हे बँकेतल्या रांगेसारखं आहे, घड्याळबाई. सगळे शिस्तीत, कुणी कुठे जात नाही.”
त्याला सातपूरचं हवं, कारखान्याच्या कामगारांसमोरचं. बावीस मिनिटं, त्यातली नऊ याचे एकट्याचे ड्रम! दीपक शोधावा लागतो.
“अगं, लोक बाकांवर उभे राहिले होते!”
“खाली डास होते.”
फोन ठेवला. आधी कुणी, ते आठवत नाही.

६ फेब्रुवारी
दिशाचा फोन, दीपकच्या मुलीचा. “मावशी, बाबांना ती दोन्ही नकोत. येवल्याचं पाहिजे म्हणतात.”
येवल्याची कॅसेट खराब झाली, असं मी छत्तीस वर्षं सांगत आले आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
ती कपाटात आहे. चांगली आहे. आज ऐकली.
नियम साधा होता — दीपक जाईल तिकडे जाऊ द्यायचं. त्याने मान हलवली की मी मूळ धून धरायची. तोवर नाही. येवल्याला तो जिथवर गेला तिथवर पुन्हा कधीच गेला नाही. सतराव्या मिनिटाला मी घड्याळ पाहिलं. नाशिकची शेवटची एसटी! धून धरली. तो सुराच्या मध्यावर होता. चालत्या माणसाची बाही ओढावी, तसं ऐकू येतं.
स्टेजवरून उतरल्यावर विचारलं त्याने, “मी मान हलवली का गं?”
“हलवलीस की.”
“असेल. मला वाटलं, अजून पुढे काहीतरी होतं.”
एसटी अर्धा तास उशिरा आली.

८ फेब्रुवारी, शनिवार
गंगापूर रोडचंच पाठवावं. स्वच्छ आहे.
नाही पाठवलं.

१० फेब्रुवारी
राजला सगळं सांगितलं. तो ओरडला, “आणि इतकी वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, ऐन वेळी कच खाल्ली म्हणून!” मग म्हणाला, “आता सांगू नकोस त्याला. नुसतं ऐकू दे.”
उद्या सकाळी जाते.

११ फेब्रुवारी
दिशाने दार उघडलं तेव्हाच कळलं. उजवा कान शनिवारी गेला. शुक्रवारीच नेली असती तर!
दीपकने कॅसेट उलटसुलट करून पाहिली. हसला. वही ओढून लिहिलं, “तू ऐक. मला लिहून दे.”

१६ फेब्रुवारी, रविवार
दीपकच्या हाती दिलं : येवला, एकोणीस मिनिटं, मिनिटामिनिटाला काय वाजतं ते लिहून, सात पानं. सतराव्या मिनिटाला त्याने मान हलवली नव्हती, हे पान सहावर. खाडाखोड नाही.