वाघमुखी हॉलमधला आवाज

आबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मागच्या आठवड्यात मी तुम्हाला न विचारता घरात साउंड सिस्टिम आणली. तुम्ही असतात तरी विचारलं नसतं, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे. एक मशीन, दोन भोंगे, बाकी बठ्ठा नखरा. धुळे तालुक्यातली कितीतरी लग्नं तुमच्या भोंग्यांवर लागली, आणि तुमची लेक भर उन्हात जळगावातलं एकेक दुकान पालथं घालत होती. कशासाठी, तर आवाज मोठा नको म्हणून. हसा खुशाल. तुम्ही हसलात की माझं डोकं फिरायचं आणि डोकं फिरलं की मी हटून बसायचे. अजून तशीच आहे, काही फरक पडलेला नाही.

हे घरही मी असंच हटून घेतलं. प्लॉट वाघमुखी आहे, म्हणजे रस्त्याकडून रुंद आणि मागे निमुळता. असली जागा दुकानाला चालते, घराला नाही, असं सगळे म्हणतात, म्हणून गिऱ्हाईक येईना आणि मला परवडली. धुळ्याहून भाऊ बघायला आला तेव्हा दारातच थबकला. "वाघमुखी घरात सुख लागत नाही," म्हणाला. मी म्हटलं, मला राहायचंय, सुखाचं मी बघून घेईन. पण खरं सांगायचं तर हॉल अवघड आहे. दारापाशी ऐसपैस आणि आत जाता जाता असा आवळत जातो की शेवटच्या भिंतीला टीव्ही लावला तर शेजारी कॅलेंडर लावायला जागा उरत नाही. मध्येच जिना उतरतो. एका बाजूला स्वयंपाकघर, त्याला दार नाही, नुसती कमान. खाली गुळगुळीत फरशी, समोर मोठ्या काचेची खिडकी, आणि त्या खिडकीत कूलर. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मार्चात सुरू झालेला कूलर जूनपर्यंत घरघरतो, आणि त्या घरघरीत टीव्हीवरचा माणूस नुसता तोंड हलवताना दिसतो.

माय माझ्याकडे असते. तिला आवाज येतो, शब्द येत नाहीत. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं आहे, पण ते घातलं की पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाजसुद्धा डोक्यात आपटतो म्हणते, आणि काढून सुपारीच्या डबीत ठेवून देते. मग लोक तिच्याशी ओरडून बोलतात. ती हसते, मान हलवते, आणि विचारलं एक तर उत्तर देते दुसरंच. त्यावरून भाऊनं निकाल लावून टाकला की मायला आता समजत नाही. पुतण्याची सुपारी फुटली त्या दिवशी त्यानं तिला मागच्या खोलीत बसवलं, नारळांच्या पोत्याशेजारी. व्याह्यांसमोर काही भलतंच बोलून जाईल म्हणे. नवी साडी नेसून ती तिथं तीन तास बसली होती आणि बाहेर काय चाललंय ते दाराच्या फटीतून बघत होती. लग्नातही असंच करू, असं तो मला फोनवर म्हणाला तेव्हा मी फोनवरच भांडले. तिला सगळं समजतं, तिला ऐकू येत नाही, म्हटलं. त्यावर तुमचा लेक काय म्हणाला? "मग आवाज वाढव की."

अगदी तुमचाच लेक. मला नशिराबादचं ते लग्न आठवलं. मी दहा वर्षांची असेन. मांडव बांधून झाला की तुम्ही मला शेवटच्या रांगेत, बायकांच्या मागे उभं करायचात, आणि आवाज पोचला की मी हात वर करायचा, ही आपली पद्धत. तुम्ही स्वतः मशीनपासून हलायचा नाहीत. त्या दिवशी मी हात वर केला नाही. मी बायकांच्या मधून वाट काढत पळत तुमच्याकडे येते आणि सांगते, आबा, मागे आवाज येतो पण शब्द येत नाहीत, नुसतं भों भों होतंय. तुम्ही बटण अजून पिळता. "आवाज जास ना मांगे? मंग बठ्ठं ऐकू येस." मी म्हणते, नाही येत. तेव्हा नवरदेवाचे मामा, भटजी, आचारी, सगळ्यांच्या समोर तुम्ही म्हणता, "पोरीस्नी जातले मशीनमधलं काय कयस?" आणि पोरीच्या जातीला काय कळणार म्हणत सगळे हसतात. मग मंगलाष्टकं सुरू झाली. मागच्या बायकांना एक अक्षर कळेना. तिसऱ्या मंगलाष्टकाला भटजींनी जरा दम घेतला, तर मागे वाटलं लागलं लगीन. होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता त्यांनी उधळून टाकल्या आणि पोरंबाळं घेऊन पंगतीला पळाल्या. अंतरपाट अजून धरलेला, नवरी हातात हार घेऊन उभी, आणि मागे पत्रावळींवर वाढप सुरू. नवरीच्या बापाचं तोंड मी अजून विसरलेले नाही. त्यानं तुम्हाला झापलं, आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. पोरीनं खूण चुकीची केली, म्हणालात. आबा, मी खूण केलीच नव्हती. मी येऊन सांगितलं होतं. घरी परतताना टेम्पोत मी भोंग्यांच्या मध्ये बसून रडले आणि तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. पुढच्या लग्नापासून शेवटच्या रांगेत भाऊ उभा राहू लागला. तो प्रत्येक वेळी हात वर करायचा.

तर या वेळी मशीन मी निवडणार होते. पहिल्या दुकानात शेठजींनी मला पाच स्पीकरांचा सेट दाखवला. सोबत टिपॉयएवढा मोठा डबा. गाणं लावलं तर काचेचं कपाट थरथरायला लागलं. "पूरा मोहल्ला ऐकेल, ताई," शेठजी खूश होऊन म्हणाले. मी म्हटलं, मोहल्ल्याला नाही ऐकवायचं, एका म्हाताऱ्या बाईला ऐकवायचंय. गाणं बंद करा आणि बातम्या लावा. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी कोपऱ्यातला उभा पंखा फुल करून घेतला, आमच्या कूलरची घरघर समजून, आवाज निम्म्यावर आणायला सांगितला आणि दारापाशी जाऊन पाठ करून उभी राहिले. एवढा मोठा सेट, पण बाईच्या बातम्या मला पिंपातून आल्यासारख्या ऐकू आल्या. शिवाय मागचे दोन स्पीकर मी लावणार कुठे? हॉलला मागची बाजूच नाही. एक जिन्याच्या कठड्याला लटकला असता आणि दुसरा स्वयंपाकघराच्या कमानीत, फोडणीच्या धुरात.

चार दुकानं झाली, चारही ठिकाणी मी पंखा लावायला सांगितला. एका पोरगेल्या सेल्समननं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही सोबत कोणाला आणलं नाही का? मिस्टरांना वगैरे?" मिस्टर नाहीत, म्हटलं, आणि असते तरी पंखा मीच लावला असता. आठवडाभर मी ऑफिसातून आल्यावर वाचत बसले होते. सिनेमात, मालिकेत माणसाचं बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतं, हे मला तेव्हा कळलं. आणि बोलण्यातले जे बारीक आवाज असतात, स, त, क, फ, तेच म्हाताऱ्या कानांना आधी सोडून जातात. धमधम वाढवली की ते आणखीच बुडतात. हे वाचलं तेव्हा मी एकटीच खुर्चीत ताठ बसले. दहा वर्षांच्या पोरीला जे नुसतं उभं राहून कळलं होतं, ते बरोबर होतं. तुम्हाला चाळीस वर्षं मशीनशी बसून कळलं नाही.

शेवटी मी पाचव्या दुकानातून एक लांबट पट्टी आणली, साउंडबार म्हणतात तिला. आत तीन स्पीकर, मधला खास बोलण्यासाठी, आणि सोबत धमधमीचा छोटा डबा, म्हणजे वूफर, जो मी कोपऱ्यात ठेवलेला नाही. कोपऱ्यात ठेवला की घुमतो. सगळ्यात स्वस्त नव्हती, पण पाच स्पीकरांच्या सेटपेक्षा कमीत आली. टीव्ही मी निमुळत्या भिंतीवरून काढून तिरप्या लांब भिंतीवर लावला. पाहुणा दारातून आत आला की त्याला आधी टीव्हीची कड दिसते, दिसू दे. मायची खुर्ची पट्टीच्या अगदी समोर, चार पावलांवर. कूलर स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवला. फरशीवर सतरंजी, काचेवर जाड पडदे, आणि जिन्याच्या कठड्यावर मायच्याच दोन गोधड्या टाकल्या, म्हणजे आवाज इकडून तिकडे आपटत फिरत नाही. हॉल आता गोधड्या वाळत घातल्यासारखा दिसतो. वहिनीनं नाक मुरडलं. मुरडू दे.

भाऊ आणि वहिनी गेल्या रविवारी दुपारी जेवायला आले होते. मी शेवभाजी केली होती. माय तिच्या खुर्चीत तिची मालिका बघत होती, आवाज एवढा कमी की भाऊ म्हणाला, "चालू आहे का नुसतं चित्र?" आबा, मी आवाज वाढवला नाही, पण मला धास्ती होती. कारण दोन दिवस ती गप्प बसून बघत होती, आणि तिला खरंच कळतंय की ती नुसतं तोंड बघतेय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? भाऊचं खरं असेल तर? मालिकेतल्या सुनेनं धाकट्या जावेच्या कानात काहीतरी कुजबुज केली. भाऊच्या ताटात मी रस्सा वाढत होते. माय एकदम खुदकन हसली. भाऊनं माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, उगाच हसते. आणि मग तिला मोठ्यानं, शब्द तोडून तोडून विचारलं, "काय झालं माय? का हसतेस?"

ती त्याच्याकडे वळली. "वरडस काबर? तू बहिरा व्हयना का रे? चावी पिठना डबामा शे, ती सांगी ऱ्हायनी तिले."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. चावी कोणत्या कपाटाची, सासूनं ती कोणावर संशय घेऊन लपवली, थोरलीला ती कशी सापडली, दोन दिवसांची सगळी भानगड, आणि वर त्या सासूला एक शिवीही घातली. भाऊचा घास हातातच राहिला होता. वहिनी ताटात बघत होती. जेवण झाल्यावर तो हात धुऊन आला, मायच्या खुर्चीजवळ खाली सतरंजीवर बसला आणि हळूच म्हणाला, "माय, लगीनमा मांडवमा पुढेच बस. मनाजोडे." ती म्हणाली, "मी कोठे मांगे बसाले मांगं व्हतं?" मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, मला सगळं ऐकू आलं. मी जिंकले होते. भाऊपेक्षा तुमच्यावर जिंकले होते, खोटं कशाला बोलू.

इथंच थांबायला हवं होतं. पण ते लोक गेल्यावर मायनं टीव्ही बंद करायला लावला आणि कुठूनसं काढून म्हणाली, "तुना आबा शेवटले काय बोलेत, माले काही कयेच नही. मी आपली मान हालाडू. पानी मांगत व्हतीन म्हनीसन पानी पाजं."

ती दुपार मलाही आठवते. धुळ्याचा दवाखाना, झटका येऊन गेल्यावर तुमचा आवाज पार बसलेला. उभ्या गावाला ऐकवणारे तुम्ही, उशीवरून जेमतेम ओठ हलवत होतात. माय तुमच्यावर वाकली होती आणि मी दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, "मनामुये तुना कान गयात. माफ करजो." वर्षानुवर्षं तुम्ही अंगणात भोंगे तपासायचात आणि ती पलीकडे चुलीपाशी बसलेली असायची, त्यानंच तिचे कान गेले, हे तुम्हाला कळत होतं तर. तिनं मान हलवली आणि ग्लास तुमच्या तोंडाला लावला. तुम्ही प्यालात. मी वाट बघत होते, आता माझ्याबद्दल काही बोलाल, नशिराबादचं नाही तर नाही, एखादा शब्द. तुम्ही डोळे मिटलेत.

हे मी तिला चौदा वर्षांत सांगितलेलं नाही. तिला आघात नको, वेळ बरी नाही, अशी कारणं मी स्वतःला देत आले, सगळी खोटी. मी सांगितलं की ती तुम्हाला तिथल्या तिथं माफ करून टाकेल, मला ठाऊक आहे, आणि मला ते नको होतं. आज दुपारी मी कूलर बंद केला, तुमचं ते वाक्य सांगायला तिच्यासमोर स्टूल ओढून बसले, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "माय, चहा करू का?"

"कर," ती म्हणाली. "साखर कमी टाकजो."