मूळव्याध, आणि सुनंदाची बावीस वर्षं

मंगळवार, संध्याकाळ. पुलगाव.

आज वर्ध्याच्या दवाखान्याच्या दारातून परत आलो. पुलगावात कोणी पाहील म्हणून तिथवर गेलो, तर आत डॉक्टर म्हणून बाई निघाल्या. शरमेनं मान वर होईना. तीन महिने संडासला रक्त पडतंय. दुकानात गादीवर बसवत नाही, तरी गिऱ्हाइकासमोर हसतो.

शेवटी घरी बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती भांडी घासता घासता म्हणाली, "मूळव्याधच असंल. मले पोराच्या बाळंतपणापासून हाय."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं ना. तुमी म्हनले, तिखट कमी खात जाय."

खरंच म्हणालो असेन? आठवतही नाही. पोरगा बावीसचा झाला! माझ्या रक्तासाठी मी तीन महिन्यांत वर्धा गाठलं, आणि तिच्या रक्ताला एवढंच, तिखट कमी खा. आता तिच्यासमोर मान वर होईना.

लगेच दवाखान्यात फोन लावला, दोघांचे नंबर लावले. आधी तिचं नाव सांगितलं. तिकडून विचारलं, "त्रास काय आहे?"

"मूळव्याध. दोघांनाही."

आतून सुनंदा म्हणाली, "हळू बोला नं जी."