टेबलं पुढं का मांगं

माय, सकाळपासून मिस्त्रीच्या दुकानाच्या चकरा मारून राह्यलो. दिग्रसात हाटेल टाकून राह्यलो मी, खरंखुरं, मेनूकार्डवालं. अन अडलो कुठी, त टेबलाच्या पायापाशी. एक पाय हाय बिडाचा, ओतीव लोखंडाचा, मधात एकच खांब अन खाली जड गोल ताट. दुसरा अँगलचा, चार पायाचा, हलका, बोटानं ढकलला तरी सरकते. मिस्त्री म्हणे, "अबे, तुले टेबल पाह्यजे का पोरगी? इतकं त म्या माह्या लग्नाच्या टायमाले पाह्यलं नाही." मी म्हटलं, "म्हणूनच त काकू अजून पस्तावून राह्यली." हासला बुढा. मले काई हासू येत नाही. पाय कोणता घ्या हे ठरत नाही, कारण टेबल कुठी मांडाचं हेच ठरलं नाही.

बायकोचा भाऊ भागीदार हाय. तो म्हणते, "भाऊजी, पुढं फक्त काउंटर ठेवा. टेबलं सारी मांगं, मधात पडदा. लोकं येतीन, जेवतीन, रस्त्यावरून कोणाले दिसनार नाही." मी म्हटलं, "काहून, चोरी करतेत का?" "तुमाले समजते ना भाऊजी, कायले मले बोलाले लावता?" समजते माय. आपण बौद्ध, हे मार्केटातल्या लहान पोट्ट्यालेबी माहीत हाय. तू खानावळ चालवे तवा तुया हातचं वांगं सारा बाजार खाये, पण पार्सल. बसाले कोणी तयार नसे. आता बसतेत म्हणे लोकं, पण मांगं, भिंतीकडं तोंड करून. अन औंदा अळीनं कापूस खाल्ला, मार्केट सुनं पडलं. पुढची टेबलं रिकामी राह्यली त हाटेलबी गेलं अन आमी दोघंबी गेलो.

मले तो जिनिंगचा मुनीम आठवते. कापसाच्या गाड्यायची रांग आपल्या खानावळीपर्यंत लागेल होती, अन मी सातवीत दुसऱ्यांदा बसेल होतो. त्या दिवशी म्या बांधाच्या साऱ्या प्लास्टिकच्या पन्न्या अन रद्दी पेपर चुलीमांगं लपवले. मुनीम येते, "बाई, बांधून दे लवकर." तू हुडकून हुडकून थकली. मी म्हणतो, "काका, टोपीत देऊ का?" भुकेनं जीव चालला त्याचा. शेवटी दाराच्या आड गेला अन उभ्यानंच भाकर-वांगं खाल्लं, एक डोळा रस्त्यावर ठेवून. बोटंबी चाटले. मी हासून हासून लोळलो. तो गेला अन तू मले उलथण्यानं हाणलं. "माणसाले आपल्या घरी उभ्यानं जेवाले लावते? गंमत वाटते तुले?" मी म्हटलं, "मंग तो काहून बसला नाही?" तू उलथणं ठेवलं. उठली, कोपऱ्यातलं टेबल एकटीच ओढत ओढत दारात आणलं, पार उंबऱ्यापाशी. "ज्याले जेवाचं त्यानं इथी बसावं. लपून जेवाले मी काय दारू विकतो?" त्या टेबलावर मंग गाडीवाले बसले, कापूस वेचणाऱ्या बाया बसल्या. मुनीम नाही बसला. तू गेली त्या सालीबी तो पार्सलच नेत होता.

आत्ता मिस्त्रीले सांगून आलो. बिडाचेच पाय. सारी टेबलं पुढं, रस्त्यावरून दिसतीन अशी, फरशीत बोल्ट मारून पक्की. म्हणजे उद्या कोणाचं मन फिरलं तरी सरकनार नाही. साळा तोंड फुगवून बसला हाय. "अन बुडालो त?" म्हणे. मी म्हटलं, "त पार्सल खाऊ." तो हासला नाही, मीबी नाही. तवापासून जीव एका जागी थांबत नाही, म्हणून हे लिहीत बसलो.

तुले जाऊन लय वर्षं झाली, हा कागद कुठी टाकाचा नाही हे मले समजते. म्हणून खरं लिहितो. मांगं, छताखाली, साळा म्हणे त्या पडद्याचा पाइप म्या बसवून घेतला हाय. पडदा नाही आणला अजून.