ताऱ्यांचे ठोके मोजणाऱ्याची आई

१२ मार्च

ती. आई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना कमी चढा म्हणून सांगायचा काही उपयोग नाही, तरी सांगते.

मोठी बातमी आहे. आमच्या गटाला गुरुत्वीय लहरींची पार्श्वभूमी सापडली! तुमचा लेक असता तर आधी तुम्हालाच फोन गेला असता. लांबलांबच्या दीर्घिकांमध्ये प्रचंड कृष्णविवरं जोडीजोडीने एकमेकांभोवती फिरतात आणि अवकाशालाच हेलकावे देतात. त्या सगळ्यांचा मिळून एक कल्ला होतो, बाजाराबाहेर उभं राहिल्यावर ऐकू येतो तसा. कुठला आवाज कोणाचा ते कळत नाही, पण बाजार केवढा आहे ते कळतं. त्या हेलकाव्यांनी घड्याळासारख्या नेमक्या ताऱ्यांचे ठोके किंचित मागेपुढे होतात. तेच ठोके तो वर्षानुवर्षं टिपत बसायचा. "आपल्या हयातीत दिसेल का रे?" विचारलं की म्हणायचा, "नाही तर पुढच्यांना दिसेल. घाई कसली?"

लेखावर त्याचं नाव आहे. त्याची निरीक्षणं वगळून पाहिलं तर लहरींचा मागच पुसट होतो. ते पाहिलं आणि कामाच्या खोलीतच मला रडू कोसळलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठला, दार लोटून बाहेर उभा राहिला. कोणी आत येऊ नये म्हणून.

खरं तर त्या सहकाऱ्याबद्दलच लिहायचं होतं, आणि मी आकाशात फिरून आले. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. तुम्ही ओळखता त्याला. आजारपणात तुमच्या लेकाला दवाखान्यात नेणारा मित्र तो हाच. मी कोणाला विसरलेले नाही. परवानगीही मागत नाही. पण तुम्हाला आई म्हणायचा हक्क जाणार असेल, तर आधीच सांगा.

तुमची

(पुढे काय लिहू, कळत नाही.)


२० मार्च

पोरी,

लहरी डोक्यावरून गेल्या, बाजार कळला. लेख पाठव. त्याच्या नावावरून एकदा बोट फिरवायचंय.

लग्नाचं वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तुझे सासरे गेले तेव्हा मी तुझ्याच वयाची होते. एकटीने निभावलं म्हणून सगळ्यांनी वाहवा केली. पुन्हा लग्न करतेस का, असं मात्र कोणी विचारलं नाही.

घेऊन ये त्याला. काय खातो ते कळव. आणि हक्काबिक्काची भाषा माझ्याशी नको. त्याच्यासमोर "या माझ्या पहिल्या सासूबाई" म्हणालीस तर दारातूनच परत पाठवीन.

आई