भर दुपारचं जाळं

माय, काल तलावाच्या पाळीवर आमच्या मच्छीमार संस्थेची सभा झाली आणि तुझी इतकी आठवण आली की आज सकाळपासून लिहायला बसलो आहे. पाण्यात कमळं फुलली आहेत, त्यांच्या पानांवरून पाणकोंबड्या चालतात, आणि मी अर्धा वेळ लिहितो, अर्धा वेळ नुसता बघतो. या वयात एवढं चालतं. सभेपुढे प्रश्न एकच होता. पलीकडच्या आळीतली एक विधवा भर दुपारी तलावात जाळं टाकताना सापडली. आमच्या नियमाप्रमाणे घरातला पुरुषच सभासद. नवरा गेला तशी तिच्या घराची मासेमारीही संपली. तिचं जाळं अध्यक्षांच्या मांडीवर होतं. ते परत द्यायचं की नाही, हे ठरायचं होतं.

मला तुझी दुपार आठवली. तलाव तेव्हा लिलावात बाहेरगावच्या ठेकेदाराकडे गेला होता आणि गावाने त्यात हात घालायचा नाही, असा हुकूम निघाला होता. त्याच पाण्यावर पिढ्यान् पिढ्या जगलेले आपले लोक अंधारात चोरून जाळं टाकत. तू मात्र जेवणं आटोपल्यावर, लग्नाकार्यात नेसायचं हिरवं लुगडं नेसून निघालीस. मी नुकताच लाखनीला मास्तर लागलो होतो. वर्गात कवितेतलं बंड शिकवताना माझा आवाज चढायचा. इथे घरातलंच बंड दाराबाहेर पडताना बघून मी हळू आवाजात म्हणालो,

"माय, सरकारी हुकूम आहे. आपण अर्ज करू."

"तू अर्ज कर नं. मी कुठं नाई म्हनते? तवरिक मी झिंगे आनते."

"अन् हे लुगडं काहून?"

"चोरी कराले जाऊन राहिली का मी, जुनं नेसाले?"

राखणदार आपल्याच गावचा. तो पाळीवरून ओरडत आला, "काकू, कायले माही नोकरी खाऊन राहिली?" तू कमरेएवढ्या पाण्यातून म्हणतेस, "तू आपलं काम कर बापू, मी माहं करते. हे टोपली धर, भरली हाये." त्याने टोपली जप्त केली, तुला ठाण्यात नेलं. संध्याकाळी तू परत आलीस, आणि दुसऱ्या दुपारी लुगडं वाळलेलं बघून पुन्हा तेच नेसलीस. मी चिडून विचारलं, का? "मी नाई गेली तं पोट्टे समजतीन का तलाव ठेकेदाराच्याच बापाचा होता," तू म्हणालीस आणि चुलीत लाकूड सारलंस.

आणि हीच तू, मासे अंड्यावर असतात त्या दिवसांत, पाळीवर चिटपाखरू नसलं तरी पाण्यात पाय घालत नव्हतीस. या दोन गोष्टी माझ्या मनात जुळायला फार वर्षं लागली. चांगला नियम राखणदार नसतानाही पाळायचा; अन्यायाचा असेल तो त्याच्या डोळ्यांदेखत मोडायचा, आणि मोडला तरी चालतो एवढंच नव्हे, मोडायलाच हवा. कारण तो आपल्या गप्प बसण्यावरच तर उभा असतो.

कालच्या सभेत अध्यक्षांनी तिला विचारलं, "तुले नियम माहीत नोयता का?"

"होता. म्हनूनच दिवसा आली," ती म्हणाली. "तुमी नियम केला तवा आमाले इचारलं का?"

मग मागच्या बाजूने अध्यक्षांची बायकोच म्हणाली, "मले बी नाई इचारलं." सगळे हसले, अध्यक्षही हसले. त्यांनी सावकाश गुंता सोडवून जाळं तिच्या हातात दिलं, आणि यापुढे बायांनाही सभासद करायचं ठरलं. जाळं खांद्यावर टाकून ती सरळ पाण्याकडेच गेली.

मी मात्र आदल्या दिवशी मोठं भाषण लिहून नेलं होतं, दोन कडव्यांसकट. त्याची गरजच पडली नाही. निदान तुला तरी ते ऐकवावं म्हणून हा कागद घेतला; पण तू दुसऱ्याच वाक्याला "बस कर, झिंगे निवडाचे हायेत" म्हणून उठली असतीस. तेव्हा भाषण राहू दे खिशात, हा कागदही त्याच्यासोबत ठेवतो. काल फार समाधान वाटलं, माय. तरी टाळ्या पडल्या असत्या, असं अजून वाटतंच.