अर्धं पाऊल मागे

रविवार, २ नोव्हेंबर
सकाळी दहा

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत, तूही असशील. सात वर्षं तुझ्या वाढदिवसाच्या कार्डावर मी हेच वाक्य लिहीत आले आणि खाली सही करून मोकळी होत आले. आज त्याच्या पुढे लिहायचं आहे, म्हणून कार्डाऐवजी कागद घेतला.

का कोण जाणे, सकाळपासून बोर्डिंगच्या मागच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आहेत. शनिवारची दुपार. आपण दोघी खडूच्या पाण्याने कॅनव्हासचे बूट पांढरे करत बसलोय. मी तेराची, तू सातची. बुटापेक्षा तुझं नाकच जास्त पांढरं झालं होतं. स्वयंपाकघरातल्या सिस्टर खिडकीतून म्हणाल्या, "मोठीने धाकटीचे बूट करू नयेत. तिचे तिला करू दे." मी लगेच हात काढून घेतला, आणि त्या आत वळल्याबरोबर तुझा डावा बूट पुरा करून टाकला. तू टाळी वाजवलीस, तर मी तुझं तोंड दाबलं. बाकी काही घडलं नाही. बूट वाळले, घंटा झाली, आपण आत गेलो. इतकी साधी दुपार, पण तशी पुन्हा आली नाही बघ.

इकडची बातमी म्हणजे तीस तारखेची मॅरेथॉन. यांचं नाव नोंदवलं आहे. न दिसणाऱ्यांना यंदा सगळ्यांच्या दहा मिनिटं आधी सोडणार आहेत, म्हणजे सुरुवातीला धक्काबुक्की नाही. यांना सहासष्ट पुरी झाली, पण पोटरी हाताने दाबून बघ, लाकूड. त्यांचा हट्ट तोच, पाच तासांच्या आत बेचाळीस किलोमीटर. आपल्या ग्रुपमधली दातांची डॉक्टर (अजून तशीच आहे, पळतानाही लोकांचे दात बघते) परवा म्हणाली, "काका, यंदा नाही तर कधीच नाही." हे म्हणाले, "तू दात उपटताना पेशंटला असंच सांगतेस का?"

हसलो आम्ही सगळे. मी पण.

खरं सांगायचं तर गेले आठ आठवडे हे पळालेलेच नाहीत. बाल्कनीत चालतात. आमची बाल्कनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांच्या अकरा पावलांची आहे. अकरा जायचं, वळायचं, अकरा यायचं. सकाळी दीड तास, संध्याकाळी एक तास. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. शहरातली एकही गल्ली अशी नाही की जिची रेघ त्यांच्या हातून गेली नाही, आणि आता तिसऱ्या मजल्यावर अकरा पावलं. मी आत भाजी चिरते आणि मोजते. मोजायचं नाही म्हटलं तरी मोजलं जातं. मशीनवर पळा म्हटलं तर म्हणतात, "मशीन मला कुठे नेतं?"

त्यांना मी सांगितलंय की मला बारीक ताप येतो, अशक्तपणा आहे, बरं वाटलं की निघू.

ताप नाही. माझा डावा गुडघा संपला आहे. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "हाडावर हाड घासतंय. चाला हवं तेवढं, पोहा. पळणं मात्र बंद." मी विचारलं, "एक महिना फक्त? एकच शर्यत आहे." त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही माझ्याशी घासाघीस करताय, पण गुडघा माझ्या हातात नाही." ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. त्यानंतरही मी यांची गाइड म्हणून पळत राहिले.

पुलाचा चढ मला जमेना, तेव्हा मी वाट बदलली. डेपोपाशी डावीकडे वळायचं ते सरळ न्यायला लागले. यांना म्हटलं, पुलाचं काम चालू आहे. बेकरीचा वास नेहमीपेक्षा लवकर आला की ते मान किंचित वळवायचे. चार महिन्यांनी एकदा म्हणाले, "फार मोठं काम काढलंय पुलाचं." मी म्हटलं, "हो ना." बारके, ज्याला दिसत नाही त्याच्याशी खोटं बोलणं किती सोपं असतं, आणि तेवढ्यामुळेच किती कठीण, हे तुला कसं सांगू?

आता सप्टेंबरच्या शर्यतीचं लिहिते. ते लिहायचं म्हणून दोनदा उठून पाणी पिऊन आले.

एकतीस किलोमीटरपर्यंत हे इतके छान पळत होते. मनगटाच्या घड्याळाने वेळ बोलून दाखवली, तीन तास अडतीस. ठरल्या वेळेत होते, श्वास लयीत होता. त्यांच्या आणि माझ्या मनगटात ती हातभर दोरी. गाइडने ओढायचं नाही, पुढे जायचं नाही, शेवटची रेघही पळणाऱ्याच्या मागून ओलांडायची, नाहीतर त्याचं पळणं बाद. म्हणून मी नेहमी अर्धं पाऊल मागे. त्या दिवशी ते अर्ध्याचं एक झालं, एकाचं दीड झालं. दोरी ताणली गेली. गुडघ्यात सुरी फिरवल्यासारखं होत होतं. "अहो, मला होत नाही," एवढं म्हणायचं होतं. पाच शब्दही नाहीत. त्याऐवजी मी म्हटलं, "थांबा. पुढचा रस्ता बंद केलाय. मागे पडलेल्यांना थांबवताहेत."

ते थांबले. "वेळेच्या आत आहोत ना आपण?"

"त्यांचा काहीतरी घोळ झालाय."

मी त्यांना फुटपाथच्या कडेला बसवलं. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, चेहरा रस्त्याकडे. रस्त्यावरून पावलं जात होती, बारके. शेकडो पावलं. ती त्यांना ऐकू येत होती आणि मी शेजारी बसून म्हणत होते की रस्ता बंद आहे. मग दातांची डॉक्टर आली आणि लांबूनच ओरडली, "अहो काका, बसलात काय असे लग्नाला आल्यासारखे? अकराच राहिलेत! उठा!"

हे उठले नाहीत. दोरी मनगटातून काढून तिची नीट घडी घातली. मग विचारलं, "तू दमलीस का?"

मी म्हटलं, "नाही."

तेव्हासुद्धा "नाही" म्हटलं. तू विचारशील, ताई, अगं सरळ गुडघा दुखतो म्हणायला काय झालं होतं तुला? ते विचारशील म्हणूनच हे पत्र. गुडघा गेला म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता की आता कोण? त्याला उत्तर एकच आहे. ते उत्तर मीच सात वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं.

यांची नजर गेल्यावर हे पाच महिने पलंगावरून उठले नव्हते. मी पेज भरवायचे, रेडिओ लावायचे, पडदे ओढायचे. तू आलीस, पडदे उघडलेस आणि म्हणालीस, "भाऊजी, बूट घाला. मी पीटीची बाई आहे, मला उलट उत्तर चालत नाही." मी दारात उभी राहून तुला ओरडले होते, आठवतं? दोन वर्षं तू त्यांना पळवलंस. पाच तास चार मिनिटं तुझ्याबरोबर झाली. माझ्याबरोबर पाच वीसच्या खाली एकदाही नाही.

मी शर्यतीच्या शेवटच्या रेघेपाशी टॉवेल घेऊन उभी असायचे. आणि रोज सकाळी तुम्ही जिना चढून यायचात तेव्हा हसत यायचात. तू त्यांना रस्ता सांगायचीस तो असा: "भाऊजी, समोरून एक गृहस्थ येताहेत, टोपी अशी घातलीय की पातेल्यावर झाकण." मी जेव्हा गाइड झाले तेव्हा सांगायचे: खड्डा. डावीकडे. पाणी. मला दुसरं सुचायचंच नाही. तुमच्यात वावगं काही नव्हतं, हे मला तेव्हाही स्वच्छ ठाऊक होतं. तसं काही असतं तर भांडता तरी आलं असतं. तुम्ही नुसते आनंदात होता, आणि मी पाच महिने पेज भरवूनही त्यांना हसवू शकले नव्हते.

मग एका दुपारी मी तुला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की यांना तुझ्याबरोबर पळायचं नाही. तू ओढतेस, त्यांना दडपण येतं, तोंडावर बोलायला संकोचतात. आणि त्यांना सांगितलं की बारकीला स्वतःची वेळ सुधारायची आहे, तुमच्यामुळे ती मागे पडते, पण बोलून दाखवत नाही. दोघंही मानी. दोघांनीही एकमेकांना एका शब्दाने विचारलं नाही. महिन्याभरात तू दुसऱ्या गावच्या शाळेत बदली मागून घेतलीस. मी चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पळायचे बूट घेतले.

आणखी एक आहे. आपल्या घरी आलेलं प्रत्येक पत्र मी यांना वाचून दाखवते. तुझी कार्डंही. प्रत्येक कार्डात तू विचारतेस, "भाऊजींचं पळणं कसं चाललंय?" ते वाक्य मी गाळते.

सात वर्षं त्यांना वाटतंय की तू एकदाही विचारलं नाहीस.

हे आता बाल्कनीतून आत आले आहेत. विचारताहेत, "इतकं काय लिहितेस? पेन थांबतच नाहीये."

"बारकीला पत्र."

"मग वाच."


दुपारी साडेतीन

वाचलं. पहिल्या ओळीपासून, न गाळता. मध्ये एकदा त्यांनी तांब्या पुढे सरकवला, पण थांब म्हणाले नाहीत.

संपल्यावर म्हणाले, "ते वाक्य परत वाच."

"कुठलं?"

"तिने काय विचारलंय ते."

मी वाचलं.

"किती कार्डांत?"

"सातही."

ते उठून बाल्कनीत गेले. आज मी मोजलं नाही. बऱ्याच वेळाने परत आले, माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "गुडघा दाखव." सूज आहे, ती हाताला कळतेच. बोटांनी सगळीकडून चाचपला, नकाशा चाचपावा तसा. म्हणाले, "तुझं डावं पाऊल उशिरा पडायचं. दोन वर्षं ऐकतोय. मला वाटायचं तू मुद्दाम मला हळू नेतेस, म्हणजे मी लवकर कंटाळेन आणि सुटका होईल तुझी."

कधी कधी तेही खरं होतं.

"मी तुझ्यावर चिडलोय," म्हणाले. "खूप. आज माझ्याशी बोलू नकोस. पण पत्र टाक."

तू यावंस असं ते म्हणाले नाहीत. येऊ नये असंही म्हणाले नाहीत. तुझ्याबरोबर पळतील का, मला माहीत नाही, आणि तुझ्या वतीने त्यांना किंवा त्यांच्या वतीने तुला काही सांगायचा हक्क मी आता सोडला आहे. एवढंच लिहिते की गाइडचं नाव पंधरा तारखेपर्यंत बदलता येतं. तू अजून साडेचार तासांत धावतेस असं दातांच्या डॉक्टरकडून कळतं. आलीस तर दार उघडं आहे. नाही आलीस तर मी तुला दोष देणार नाही, फक्त हे बाल्कनीत चालत राहतील आणि मी आत ऐकत राहीन.

आता कुणाला काय, ते नीट वाच.

गाइडचं पिवळं जाकीट तुला. मी ते दोन्ही कुशींत शिवून लहान केलं होतं, तेवढी टीप उसव, तुझे खांदे रुंद आहेत. शर्यतीच्या रस्त्याची वही तुला. त्यात चढ, वळणं आणि पाण्याची टेबलं कुठे आहेत ते लिहिलंय, पण कुठे हसायचं ते नाही, ते तुझं तू बघ. "सांभाळून" हा शब्द त्यांना आवडत नाही. जे असेल ते सांग. माझे नवे बूट दातांच्या डॉक्टरला, तिचं आणि माझं माप एकच आहे. जुने कुणालाच नकोत. मिठाच्या गोळ्या तिच्याजवळच असतात, तीस किलोमीटरला ती देईल. आमच्या दाराची एक किल्लीही तिच्याकडे ठेवली आहे. शर्यतीच्या दिवशी मी घरीच असेन, टॉवेल घेऊन रेघेपाशी येणार नाही.

दोरी त्यांच्याकडे आहे. ती द्यायची की नाही, हे त्यांचं.

आणि तुझी सात कार्डं एका लिफाफ्यात घालून त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवली आहेत. ती त्यांची. माझ्या तोंडून आता ते ऐकायचे नाहीत. आलीस तर तू वाच, सगळी, पहिल्यापासून.

अजून मला ताई म्हणत असशील, तर
तुझी
ताई